रविवारची रिकव्हरी

चौतीस वर्षं बँकेत काढल्यावर ‘रिकव्हरी’ या शब्दाचा मला एकच अर्थ ठाऊक होता: थकलेले हप्ते, दारात उभी आमची गाडी आणि ‘पप्पा घरात नाहीत’ असं पप्पांनीच शिकवून पुढं पाठवलेलं पोर. त्यामुळे गेल्या फेब्रुवारीत गोमतीकाठी एका तरुणानं मला ‘‘आंटीजी, रिकवरी का सामान आपकी गाड़ी में है न?’’ असं विचारलं, तेव्हा मी पिशवीतून वही आणि पेन काढून त्याला दाखवलं.

तो हसला नाही. लखनौची माणसं समोरच्याच्या अज्ञानाला तोंडावर हसत नाहीत. आधी ‘‘जी, बिल्कुल’’ म्हणतात आणि मग हळूच दुसऱ्याला विचारतात. त्यानंही तेच केलं. आमच्या जिप्सीच्या मागच्या दारातून एक रुंद पिवळा पट्टा, दोन जाडजूड लोखंडी कड्या आणि ओलं करून पिळलेलं गोणपाट बाहेर आलं. हे ते सामान. माझी वही परत पिशवीत गेली.

मी मूळची सांगलीची. शेवटची बदली लखनौला झाली, निवृत्तीही इथंच आली, आणि लेक इथल्याच इस्पितळात नोकरीला असल्यामुळे आम्ही दोघं इथंच राहिलो. (माहेरच्यांना लखनौ म्हटलं की अजून भातखंड्यांचं संगीत महाविद्यालयच आठवतं. ते १९२६ सालचं. मी गात नाही हे त्यांना दर दिवाळीला सांगावं लागतं.) आमच्या समोरच्या बंगल्यात एक वयस्कर गृहस्थ राहतात. सगळी गल्ली त्यांना दद्दा म्हणते. जानेवारीत एका संध्याकाळी ते एक निळी फाइल घेऊन आले आणि म्हणाले, ‘‘मैनेजर साहिबा, ज़रा हिसाब देख लीजिए. बैंक वाले तो बाद में देखेंगे.’’

फाइलवर लिहिलं होतं: प्रस्तावित ऑफ-रोड पार्क. बक्शी का तालाबच्या पलीकडे, चंद्रिका देवीच्या देवळाकडे जाताना, गोमतीला लागून दद्दांची वडिलोपार्जित ३२ बिघे जमीन आहे. बिघा म्हटलं की मी सावध होते. इथं कच्चा बिघा वेगळा, पक्का वेगळा, आणि कच्चा तर पक्क्याच्या तिसरा हिस्साच. पक्का असेल तर आपले २५ गुंठे. दद्दांचे पक्के निघाले, म्हणजे २० एकर. सांगलीत नदीकाठी २० एकर असणारा माणूस आमच्या शाखेत आला असता तर साहेबांनी उठून खुर्ची दिली असती. पण या २० एकरांत वरच्या बाजूला ऊसर आहे, म्हणजे आपल्याकडची चोपण. उन्हाळ्यात वर पांढरी रेह फुटते, पूर्वी धोबी ती कपडे धुवायला नेत. मधे वाळूचे उंचवटे, त्यांना भूड म्हणतात. खाली नदीकडचा खादर, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा. गहू धड येत नाही, आंबाही धरत नाही. जिथं काही उगवत नाही तिथं गाड्या उगवतील, असा दद्दांचा हिशेब.

हिशेब एका ओळीचा होता. दर रविवारी ४० गाड्या, गाडीमागं १,५०० रुपये, वर्षाचे ५२ रविवार. एकूण ३१,२०,०००. मागं पुरावा म्हणून मोबाइलच्या पडद्यांचे छापील कागद जोडले होते. दद्दांच्या पुतण्यानं आपल्या गाडीवाल्या मित्रांना विचारलं होतं, असं पार्क झालं तर याल का? ६२ जणांनी अंगठा दाखवला होता.

अंगठ्याशी माझी जुनी ओळख. मी नोकरीला लागले तेव्हा वचनचिठ्ठीवर शेतकऱ्याचा निळा अंगठा असे, आणि तो अंगठा त्याला दहा वर्षं झोपू देत नसे. हा नवा पिवळा अंगठा कुणालाच बांधत नाही. पोल्ट्रीच्या प्रकरणांना अशीच हॉटेलवाल्यांची पत्रं जोडलेली असत, ‘आपली अंडी आम्ही घेऊ’. घेतली नाहीत की आम्ही जायचो रिकव्हरीला.

मी दद्दांना म्हटलं, गिऱ्हाईक डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी फाइलवर शेरा मारत नाही. दद्दा म्हणाले, ‘‘तो इतवार को चली जाइए.’’

*

सीतापूर रस्त्यावर सकाळी साडेसहाला धुक्यात ११ गाड्या उभ्या होत्या. सात थार, दोन जिप्सी, एक जिम्नी आणि लष्कराच्या लिलावातून घेतलेली एक जुनी जीप. माझी रवानगी पुतण्याच्या जिप्सीत झाली. जीप एका निवृत्त सुभेदारसाहेबांची. सगळ्यांत नवी गाडी एका काळ्या थारवाल्या पोराची. तिची उंची वाढवलेली, चाकं मूळ चाकांपेक्षा कितीतरी मोठी, आणि पोर सारखं रस्त्याकडं बघणारं. कारण नंतर कळलं. कंपनीनं दिलेल्या रचनेत मनाजोगा बदल करायला कायदा परवानगी देत नाही, सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ साली तसं स्पष्ट केलं, आणि चौकातला हवालदार न्यायालयापेक्षा जवळ असतो.

डांबर सोडून कच्च्या वाटेला लागलो आणि सगळे खाली उतरून चाकांतली हवा सोडायला लागले. मी ओरडणारच होते. माझ्या नवऱ्यानं हवा भरण्यासाठी पहाटे पाच वाजता पंपावर रांग लावलेली मी पाहिली आहे. इथं ३२ वरून १८ वर आणली. सुभेदारसाहेबांनी समजावलं: हवा कमी केली की चाक खाली बसतं, जमिनीला टेकणारा भाग लांब होतो, वजन पसरतं आणि वाळूत चाक रुतायच्या ऐवजी वरून जातं. ‘‘ऊँट का पैर देखा है?’’ एवढं ते शेवटी म्हणाले. मग माझ्या लक्षात आलं.

पण शब्दांनी मला दिवसभर छळलं. ‘‘लॉकर है आपकी में?’’ असं एकानं दुसऱ्याला विचारलं, तेव्हा मला वाटलं, एवढ्या धुळीत दागिने आणतं कोण. हा लॉकर म्हणजे एका आसावरच्या दोन्ही चाकांना एकत्र फिरायला लावणारी कळ. नाहीतर एक चाक हवेत लटकलं की सगळी ताकद त्या रिकाम्या चाकाकडं पळते आणि जमिनीवरचं बिचारं गप्प उभं राहतं. बँकेतही असंच असतं, पण ते जाऊ दे. ‘लो में डालो’ म्हणजे आवाज कमी करा, असं समजून मी गाडीतला रेडिओ बंद केला. खरं तर तो घाटातल्या पहिल्या गिअरच्याही खालचा पहिला गिअर. वेग मुंगीचा, जोर हत्तीचा. आणि स्टिअरिंग धरताना अंगठा आत घालायचा नाही, बाहेर ठेवायचा. चाक खड्ड्यात आपटलं की स्टिअरिंग एकदम फिरतं आणि आतला अंगठा मोडतो. पुन्हा अंगठाच.

पहिला नाला आला आणि लखनौ लखनौसारखं वागलं. पाणी गढूळ, खोली कुणाला माहीत नाही. अकरा गाड्या ओळीनं थांबल्या, आणि जो तो खिडकीतून हात काढून पुढच्याला म्हणायला लागला, ‘‘पहले आप.’’ ‘‘अरे नहीं साहब, पहले आप.’’ या शहराच्या तहजीबीचे विनोद मी पंधरा वर्षं ऐकत आले. तिचा खरा उपयोग त्या दिवशी समजला: जो पहिला जातो तो खोली मोजतो. काळ्या थारवाल्यानं छातीठोकपणे सांगितलं, आपली गाडी ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते, पुस्तकात छापलंय. गाडीचं पुस्तक गाडीची खोली सांगतं, नाल्याची नव्हे. सुभेदारसाहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात बांबू घेऊन पाण्यात चालत गेले, मधे दोनदा टोचून पाहिलं, परत आले आणि म्हणाले, डावीकडून. नऊ गाड्या डावीकडून गेल्या, एक वळसा घालून गेली. काळी थार मधून गेली आणि पोट टेकून बसली.

मग ट्रॅक्टर आला. कुठून आला हे विचारू नका, तो सकाळपासून बांधावर उभाच होता आणि चालक विडी ओढत होता. एकदा ओढायचे १,००० रुपये. घासाघीस नाही. त्या दिवशी त्यानं चार गाड्या काढल्या, साखळी लावायला लागली पाच मिनिटं आणि ओढायला अर्धं मिनिट. मी वहीत पहिली नोंद केली ती त्याची. अख्ख्या मैदानात धंद्याचं गणित पक्कं असलेला तो एकटाच माणूस होता.

सुभेदारसाहेबांना त्याचा फार राग. ‘‘हज़ार रुपये! आधे मिनट के!’’ असं ते प्रत्येक वेळी, चारही वेळा म्हणाले.

*

भूडावर पुतण्यानं मला जिप्सी चालवायला दिली. नको म्हणायला हवं होतं. सांगलीत मी स्कूटर चालवली, लखनौत गिअर नसलेली छोटी मोटार. वाळूच्या चढावर गाडी मंदावली, तसं मी जे प्रत्येक शहाणं माणूस करील ते केलं: ॲक्सिलरेटर दाबला. चाकं गरागरा फिरली, गाडी पुढं जायच्याऐवजी खाली जायला लागली आणि तीन बाजूंनी आरोळ्या आल्या, ‘‘छोड़िए! छोड़ दीजिए आंटीजी!’’ थकलेल्या कर्जावर आणखी कर्ज दिलं की काय होतं हे मला चांगलं माहीत होतं. पायाला माहीत नव्हतं.

आता ती पिवळी रिकव्हरी बघायला मिळाली. पट्टा दोरखंडासारखा नसतो, ताणला की लांबतो. पुढची गाडी ढिल्या पट्ट्यानिशी निघते, पट्टा ताणला जातो, रबरासारखा आखडतो आणि रुतलेली गाडी धक्का न बसता अलगद सुटते. तो गाडीच्या चौकटीच्या हुकाला लावायचा, मागच्या ट्रॉली जोडायच्या गोळ्याला कधीही नाही, कारण तो गोळा तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा येतो. पट्ट्यावर मधोमध ओलं गोणपाट टाकायचं, तुटलाच तर खाली पडावा म्हणून. आणि पट्टा ताणलेला असताना त्याच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही. मी नेमकी रेषेत उभी होते. सुभेदारसाहेबांनी मला दंडाला धरून बाजूला केलं आणि पहिल्यांदाच आवाज चढवला.

आमच्याकडं गळीत हंगामात उसाची ट्रॉली रुतली की दोन ट्रॅक्टर लावतात, साखळीनं. साखळी तुटून मेलेल्या माणसाच्या वारसाला विम्याचे पैसे मी स्वतः मिळवून दिलेले आहेत. त्या गोणपाटाबद्दल मला आदर वाटला.

या सगळ्यात जे घडायला नको होतं ते दुपारी घडलं. नदीच्या वाळूत फेब्रुवारीत पालेज लावतात: काकडी, खरबूज, कलिंगड. वाळूत खड्डा, खड्ड्यात शेणखत, त्यात बी, वर पुन्हा वाळू. उगवेपर्यंत ते शेत दिसत नाही, नुसती वाळू दिसते. शेवटच्या दोन गाड्या त्या ‘नुसत्या वाळू’वरून वळल्या. झोपडीतून एक बाई हातात खुरपं घेऊन आली. तिनं शिव्या दिल्या नाहीत. चाकाच्या खुणेवरून चालत एकेक खड्डा मोजून दाखवला. २७. प्रत्येकात तीन-तीन बिया. आमच्यातल्या एका दातांच्या डॉक्टरांनी पाकीट काढून २,००० दिले. बाईनं घेतले आणि म्हणाली, ‘‘बीज तो फिर डल जाई, दिन कहाँ से आई?’’ पंधरा दिवस मागं पडलेली काकडी बाजारात सगळ्यांच्या काकडीबरोबर येते आणि मातीमोल जाते. एवढं अर्थशास्त्र तिनं अर्ध्या वाक्यात सांगितलं. अकराही गाड्या तिथून गुपचूप निघाल्या.

*

परतीच्या वाटेवर टपरीवर चहा आणि बनमस्का. मी विषय काढला: दद्दांच्या जमिनीवर पैसे देऊन चालवायचं पार्क झालं तर?

सगळे म्हणाले, व्हायलाच हवं. लगेच कारणंही आली. मग मी विचारलं, कितीदा याल? तेव्हा चहा थंड व्हायला लागला.

सुभेदारसाहेब म्हणाले, तिकीट काढून चिखलात रुतायचं? गोमतीनं आजवर कुणाकडं तिकीट मागितलं नाही. डॉक्टर म्हणाले, मी येईन दोनदा, तिसऱ्यांदा प्रत्येक खड्डा पाठ असेल. मग तो खड्डा राहत नाही, जिना होतो. हेच डॉक्टर पावसाळ्यात गोव्यातलं रेनफॉरेस्ट चॅलेंज बघायला दीड हजार किलोमीटरहून जास्त गाडी हाकत गेले होते. मलेशियात १९९७ पासून चालणारी ही स्पर्धा २०१४ ला गोव्यात आली, आणि तिथं चिखलात बुडायला लोक देशभरातून प्रवेशमूल्य भरून येतात. तेव्हा पैसे हा प्रश्नच नव्हता. उद्या काय समोर येईल हे माहीत नसणं, याचे ते पैसे होते. ते दद्दा कुठून पुरवणार?

लीड्सला शिकून आलेला एक मुलगा म्हणाला, इंग्लंडात याला ‘पे अँड प्ले’ म्हणतात. शेतकरी रविवारी रान उघडतो, फाटकावर पैसे घेतो. तिथं २००६ च्या कायद्यानं जुन्या गाडीवाटांवरचे मोटारींचे कितीतरी हक्क गेले, त्यामुळे अशा रानांना किंमत आहे. मी त्या रात्री घरी वाचत बसले तर अमेरिकेतही तेच. उत्तर कॅरोलिनातल्या टेलिको इथं सरकारी जंगलातल्या वाटांवरून माती वाहून ट्राउट माशांच्या नदीत जायला लागली, म्हणून २००९ मध्ये वन खात्यानं त्या वाटा बंदच केल्या. तिकडं वेस्ट व्हर्जिनियात कोळसा आणि लाकूड कंपन्यांच्या खासगी जमिनींतून हॅटफिल्ड-मकॉय नावाच्या वाटांचं जाळं २००० सालापासून चालतं, परवाना विकत घ्यावा लागतो आणि लोक घेतात. म्हणजे फुकटचं दार लागलं की पैशाचं दार उघडतं. आमच्या इथं फुकटच्या दाराशी अजून एक बाई खुरपं घेऊन उभी आहे, तीही २,००० घेऊन बाजूला होते.

जिम्नीवाली मुलगी इतका वेळ गप्प होती. कॉलेजात शिकवते. ती म्हणाली, ‘‘बाथरूम होगा?’’ सगळे पुरुष चहात बघायला लागले. सकाळी साडेसहापासून दुपारी दोनपर्यंत मी पाणी प्यायले नव्हते आणि का प्यायले नव्हते हे तिथं मला आणि तिलाच माहीत होतं. ती पुढं म्हणाली, नदीत ती एकटी जाऊ शकत नाही. दहा पुरुषांना रविवार मोकळा असेल तेव्हा तिचा रविवार. फाटक असेल, ओढून काढणारा असेल, बाथरूम असेल तर मंगळवारीही येईन. वहीत मी बाथरूम या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. दद्दांच्या फाइलीत दगडांसाठी रक्कम होती, बाथरूमसाठी नव्हती.

दगडांचंही सांगते. फाइलीत ‘रॉक क्रॉलिंग – पत्थर १० डंपर’ अशी नोंद होती. लखनौच्या पोटात दगड नाही. इंग्रजांनी इथं १,३०० फुटांहून खोल छिद्र पाडलं होतं, तळाला खडक लागला नाही, सगळा गाळ. म्हणजे दगड आणायचा महोब्याजवळच्या कबरईहून, दोनशे किलोमीटरवरून, आणि मऊ मातीवर ठेवायचा. दोन पावसाळ्यांत तो दगड त्या छिद्राच्या मागं निघेल. आमच्या सह्याद्रीत हे विकत आणायला लागत नाही. नाशिकच्या भाच्यानं महिंद्राच्या इगतपुरीच्या ऑफ-रोड अकादमीत एक दिवसाचा ‘गेटिंग डर्टी’ नावाचा वर्ग केला होता. फोनवर म्हणाला, ‘‘मावशी, तिथं गाडी त्यांची असते गं!’’ त्याच्या आवाजातला आनंद ऐकून मला वाटलं, अर्धी गोम इथंच आहे. स्वतःची नवी गाडी आपटायला जीव तुटतो. दुसऱ्याची आपटायला आणि वर कशी आपटू नये हे शिकायला माणूस पैसे मोजतो.

चहाचे पैसे देताना मी बँकेतलं जुनं हत्यार काढलं. म्हटलं, ज्यांना पार्क हवंय त्यांनी ५०० रुपये बयाणा द्यावा. पार्क झालं तर पहिल्या तिकिटात वळता, नाही झालं तर परत. रोख, आत्ता, या टेबलावर.

जिम्नीवालीनं पहिली नोट ठेवली. डॉक्टरांनी दुसरी. काळ्या थारवाल्यानं तिसरी ठेवली आणि तिच्यासकट स्वतःचा फोटो काढून घेतला. त्याला खड्डा नको होता, हवालदार नसलेली जागा हवी होती. चौथी नोट आली एका बापाकडून. नवी कोरी थार, शेजारी दहा वर्षांचा मुलगा, दिवसभर त्यानं एकाही नाल्यात गाडी घातली नव्हती. लीड्सवाला म्हणाला, यूपीआय करतो. अजून करतोय. बाकीच्यांना एकदम उशीर झाला.

मी गाडीत बसताना खिडकीशी सुभेदारसाहेब आले. घडी घातलेली नोट माझ्या हातात देऊन म्हणाले, ‘‘पार्क के लिए नहीं दे रहा हूँ. वो औरत के गड्ढे... वो ठीक नहीं हुआ.’’ आणि गेले.

६२ अंगठे, ११ गाड्या, पाच नोटा. २,५०० रुपये.

*

दद्दांना मी जो शेरा लिहून दिला तो बँकेच्या भाषेत होता, इथं साध्या भाषेत सांगते. ५२ रविवार विसरा. मे-जूनच्या उन्हात इथं कुत्रंही बाहेर पडत नाही, पावसाळ्यात खादर पाण्यात, आणि सहालग लागली की या शहरातला प्रत्येक माणूस कुणाच्या तरी वरातीत असतो. हाताशी उरतात २४. गाड्या धरा दहा, दर ५००. होतात १,२०,०००. दद्दांनी कागद दूर धरून पाहिला आणि म्हणाले, ‘‘बस, आगे का तीन ही तो मिटाया आपने.’’ खरंच, ३१,२०,००० मधला पहिला ३ खोडला की झालं.

एवढ्यावर कुठलीही बँक कर्ज देणार नाही, आणि देऊ नये. जमिनीचा वापर बदलून घ्यावा लागेल. कायदा बदलून २०१६ पासून कलम ८० झालं, तरी तहसिलीत अजून सगळे ‘एक सौ तैंतालीस’ म्हणतात, आपल्याकडं एनए म्हणतात तसं. विम्याची पॉलिसी सगळ्यांनी नीट वाचावी: शर्यत, वेगाची चाचणी, गाडीच्या टिकाऊपणाची चाचणी हे तिच्यातून वगळलेलं असतं, आणि विमा कंपनीचा वकील भूडावरच्या चढाला यांतलं काहीही ठरवू शकतो. तेव्हा फाटकावर काय लिहून घ्यायचं ते वकिलाला विचारा, पुतण्याला नको.

पण दद्दांकडं एक ट्रॅक्टर आहे, वर्षातले दहा महिने उभा. मी लिहिलं: काही बांधू नका. दगड आणू नका. नदीकडचे आठ बिघे आहेत तसे ठेवा, बांबू आणि लाल फडकी लावून वाट दाखवा, एक बाथरूम बांधा, ट्रॅक्टर बांधावर उभा करा. या लोकांना तिकीट देणं नकोसं वाटतं, ट्रॅक्टरला देणं चालतं; तुम्ही तेच विका. आणि पालेजवालीला बांध घालून द्या, तिचं शेत तुमच्या हद्दीलाच लागून आहे. शेवटचं वाक्य बँकेच्या शेऱ्यात बसत नाही. मी निवृत्त आहे, लिहिलं.

दद्दांनी ते २,५०० रुपये माझ्यासमोर मोजले आणि विचारलं, जमा खात्यात लिहू? मी म्हटलं, अमानत. जमा तेव्हा, जेव्हा ते येतील.

मार्च-एप्रिलमध्ये ते आले. एका रविवारी नऊ गाड्या, एका रविवारी तीन. जिम्नीवाली दोन मैत्रिणींना घेऊन मंगळवारी आली. तो चौथ्या नोटेचा बाप पहिल्यांदा नाल्यात शिरला, रुतला, आणि मुलाच्या डोळ्यांदेखत ट्रॅक्टरनं निघाला. दद्दा सांगत होते की मुलानं टाळ्या वाजवल्या. डॉक्टर त्यांनीच सांगितल्याप्रमाणे दोनदा आले. सुभेदारसाहेब एकदाही नाही. माझी वही मी मिटून ठेवली. तोट्यात नव्हतं, फायद्यात म्हणावं असंही नव्हतं.

ऑगस्टमध्ये गोमती चढली. आठही बिघे पाण्याखाली, बांबू आणि लाल फडकी बाराबंकीच्या दिशेनं गेली. पाणी उतरल्यावर खादरावर गुडघाभर नवा गाळ, आणि कुठला खड्डा कुठं होता हे देवालाही सांगता येईना. रविवारी सकाळी दद्दांचा फोन आला. मला वाटलं, रडतील. तर मागं गाड्यांचा घुरघुराट आणि माणसांचा कल्ला. १४ गाड्या आल्या होत्या, डॉक्टरही होते, आणि सगळ्यांत पुढं सुभेदारसाहेबांची जीप.

‘‘पैसे दे रहे हैं?’’ मी विचारलं.

‘‘दे रहे हैं, दे रहे हैं,’’ दद्दा म्हणाले. ‘‘पर मैनेजर साहिबा, एक बात बताइए, ये किस खाते में जाएगा. सुबह से हमारा ट्रैक्टर ही फँसा पड़ा है. सूबेदार साहब पट्टा लेके खड़े हैं. कहते हैं, निकाल तो देंगे, हज़ार लगेंगे.’’